कुणाचं काही?

घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी घरात मोठ्यानं वाचला जायचा. बाहेरून आलेलाही तसाच. पणजोबांनी न वाचता अंगठा उठवला आणि नदीकाठची तागाची वखार गेली, तेव्हापासूनचा हा नेम. वखारीमागोमाग पणजोबा गेले, पुढं दोरांचा कारखानाही गेला; नेम मात्र चिवट निघाला. विजेच्या मीटरची तक्रार असो की नोकरीचा अर्ज, सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं, घरातल्या सगळ्यात धाकट्यानं वाचायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. वाचून झालं की वाचणाऱ्यानं विचारायचं, "कुणाचं काही?" एकेकानं म्हणायचं, "काही नाही." मग कागदाला पाय फुटायचे.

त्या रविवारी अडीच वाजता टेबलावरचं मेणकापड पुसून झालं आणि सुतळीनं चार छापील पानं पुढ्यात घेतली. लहानपणी इतकी बारीक होती की मोठेकाकांनी तिला सुतळी म्हटलं. आता ती सत्तावीस वर्षांची होती, शहर बस कंपनीत वेळापत्रकं आखत होती, आणि घरात अजून सुतळीच होती.

"आधी सांग तरी, हे आहे काय," आत्या शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली. खिडकीखालचं ते यंत्र हीच तिची जागा. लोकांचे कपडे आत घे, बाहेर सोड, असं तिचं काम. "मागं तू फेलोशिप म्हणालीस. मी शेजारी सांगून बसले, पोरगी विमानानं चालली म्हणून."

"विमान कुठलं? विद्यापीठात एक वर्ष, आत्या. स्ट्रॅटेजी शिकवतात. संस्था निर्णय कसे घेतात, कुठं चुकतात, पुढचं कसं आखायचं."

"म्हणजे डावपेच."

"जवळजवळ."

"मग त्याला विद्यापीठ कशाला? वर्षभर तुझ्या आईच्या हाताखाली राहा."

"मी तरी कुणाकडून शिकले, वन्सं?" आईनं कप गोळा करता करता विचारलं, आणि मोठेकाका खाकरत हसले. बाबा हसले नाहीत. ते टेबलाच्या कडेला बसून मेणकापडाची सुटलेली कड नखानं खरवडत होते.

सुतळीनं घड्याळाकडं पाहिलं. आठशे जणांनी अर्ज केले होते, चाळीस उरले होते, बारा घ्यायचे होते. उरला होता एक निबंध. जवळून पाहिलेल्या एका संस्थेचा चुकलेला निर्णय, त्याला पर्याय काय होते, आणि खाली त्या वेळच्या प्रमुखाची सही, की मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आज पाच वाजता अर्जाचं पान बंद होणार होतं. अठ्ठावीस पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येत नव्हता, आणि ती पुढच्या महिन्यात अठ्ठावीस पूर्ण करणार होती.

निबंध पंधरा दिवसांपूर्वीच लिहून झाला होता. वाचायचा धीर आज झाला. कारण संस्था म्हणजे हे घर आणि त्याचा दोरांचा कारखाना होता, आणि प्रमुख म्हणजे समोर बसलेले मोठेकाका.

"वाच गं," काका म्हणाले. "मला फासावर देणार असशील तर दोर तेवढा आपल्याकडचा घे. दुसऱ्यांचा मेला तुटतो."

*

पोरीनं किती नीट लिहिलंय, असं काकांना ऐकताना वाटत राहिलं.

तिनं ती लांब शेड लिहिली होती, शंभर पावलांची. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला काही नाही. कमरेला ताग गुंडाळून माणसं मागं मागं चालायची, बोटांतून धागा सोडत, आणि चाक त्याला पीळ देत जायचं. दोर वळणारा आयुष्यभर उलटा चालतो, कुठं चाललाय ते त्याला दिसत नाही, असं वाक्य होतं. हे हिनं कधी पाहिलं, काकांना आठवेना. चौथीत असताना ती चाकापाशी बसून पाढे म्हणायची, तेव्हा असेल.

मग बंदराच्या कचेरीचं पत्र आलं. बारा वर्षांपूर्वीचं. तागाचे दोर आता पुरे, नायलॉनचे लागतील. यंत्रं आम्ही देतो, माणसं तुमची. पंधरा दिवसांत होय की नाही कळवा. "कारखान्याच्या प्रमुखांनी नकार दिला," सुतळी वाचत होती. तिचा आवाज तिथं जरासा अडखळला, पण थांबला नाही. "तो नकार अहंकारातून आला होता असं मला वाटत नाही. हातांना जे येतं त्यावरच्या प्रेमातून आला होता. परंतु चाळीस कुटुंबांच्या वतीनं प्रेम करण्याचा अधिकार एका माणसाला असतो का, हा प्रश्न उरतोच."

काकांनी मान हलवली. बरोबर आहे. बारा वर्षं गावानं त्यांना अडेलतट्टू म्हटलं होतं, तेही असं कुणी समजावून म्हटलं नव्हतं. आता ते पोहण्याच्या तलावावर कामाला होते. रोज सकाळी पाण्यावरचे प्लास्टिकच्या मण्यांचे दोर ताणून बांधायचे. त्या दोरांना पीळ नव्हता की वास नव्हता. पहिल्या वर्षी त्यांच्या हातांना ते सोसलं नव्हतं, मग सोसलं. ह्या नकाराचंही तसंच झालं होतं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून घालून अंगाला बसावा, तसा तो बसला होता.

त्यांनी धाकट्या भावाकडं नजर टाकली. मेणकापडाची कड आता वीतभर सुटली होती.

"कुणाचं काही?" सुतळीनं विचारलं. तिनं कुणाकडंच पाहिलं नाही.

"काही नाही," काका लगेच म्हणाले. "छान झालाय. आण, सही करतो." आणि नेमाप्रमाणे सगळ्यांचं होईपर्यंतही न थांबता त्यांनी शेवटच्या पानावर सही ठोकली.

"काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही," बाबा म्हणाले, म्हणजे ओठ तसे हलले.

शिवणयंत्राचं चाक थांबलं.

"माझं आहे," आत्या म्हणाली.

*

आईला वाटलं, आता पायाखालची फरशी निघणार. वन्सं उठल्या, यंत्राचा डावीकडचा ड्रॉवर त्यांनी ओढला. बॉबिनी, खडू, तुटक्या बटणांचा डबा, आणि सगळ्याच्या खालून एक लांबट पिवळा लिफाफा.

"ताई, ठेव ते," मोठे दीर म्हणाले.

"बारा वर्षं ठेवलंच की. तुझ्या शब्दाखातर ठेवलं. पण पोरगी आता हे विद्यापीठात नेऊन मांडणार, की माझा भाऊ असा होता. तिथं मी काही नाही म्हणू?" त्यांनी लिफाफा सुतळीपुढं ठेवला. "वाच. आवकचा शिक्का वाच."

सुतळीनं तारीख वाचली.

"त्या तारखेला तुझे काका कुठं होते?"

सुतळी बोटं मोजावीत तशी थांबली. "काकू इस्पितळात होती तेव्हा."

"एकोणीस दिवस. एकोणीस दिवस हा तिच्या उशापासून हलला नाही, मी डबा घेऊन जायची नि तिथंच बसायची. ती गेली, त्याच्या चौथ्या दिवशी हा कारखान्यात पाय टाकतोय. मग पत्राला नको कुणी म्हटलं? इस्पितळातून भुतानं?" आत्यानं शिक्क्याखालच्या बारीक सहीवर बोट ठेवलं. "ही सही ओळखतेस ना? तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर हीच असायची."

 आईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तिला पाहायची गरज नव्हती. बारा वर्षांत ह्या माणसानं एकही पाकीट स्वतः फोडलं नव्हतं. टपाल आलं की तो ते तिच्या हातात द्यायचा, निखारा द्यावा तसं, आणि बाहेर जायचा. तिनं कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की खऱ्या होतात.

"नकार दिला नव्हता?" सुतळीनं विचारलं.

"काहीच दिलं नव्हतं," काका म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी आलो तेव्हा मुदत जाऊन दोन दिवस झालेले. बंदरानं दुसरीकडं काम दिलं होतं. फाटकात चाळीस माणसं उभी. कुणीतरी विचारलं, नको कुणी म्हटलं? मी म्हटलं, मी."

"का पण?"

"तू तुझ्या बापाचा चेहरा पाहिला नव्हतास. मी पाहिला होता. माझं तसंही त्या आठवड्यात सगळं गेलंच होतं, त्यात आणखी थोडं गेलं. त्याचं मात्र सगळं राहायचं होतं. तू होतीस."

"म्हणजे आता झालं ना समाधान?" आई आत्याकडं वळली. तिचा आवाज चिरकला. "वन्सं, साडेतीन वाजलेत. भाऊजींनी सही केलीय, त्यांची हरकत नाही. जाऊ दे ना कागद. मेलेलं उकरून पोरीच्या ताटात वाढायलाच हवं होतं?"

"खोटं वाढायचं का मग?"

"बारा वर्षं तुम्हीच वाढलंत."

आत्यानं उघडा ड्रॉवर लोटून दिला. आणि पहिल्यांदाच बाबा आपणहून बोलले.

"मी ते वाचणारच होतो."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. ते मेणकापडाशीच बोलत होते.

"पत्र मोठं होतं. महत्त्वाचं आहे हे कळत होतं. कागद वाचायचा तर सगळे हवेत ना? दादा तिकडं, ताई तिकडं. मी एकटा कसा वाचणार? म्हटलं, येतील, सगळे टेबलापाशी बसले की वाचू. रोज सकाळी खिशात घालायचो, संध्याकाळी काढून ठेवायचो. इस्पितळात नेलं होतं एकदा. वहिनीला ऑक्सिजन लावला होता. तिथं कसं वाचायचं, कुणाचं काही म्हणून विचारायचं?" त्यांचं नख कडेवर थांबलं. "मी वाट पाहत होतो."

*

सुतळीला वाटलं, आपण रडायला हवं. पण डोक्यात एक थंड, लख्ख दिवा लागला होता, बस कंपनीत वेळापत्रकातली गाठ सापडली की लागायचा तसा. तिचा निबंध मुळातच चुकला होता. निर्णय चुकला नव्हता, निर्णय झालाच नव्हता. घराला वाचवायला जो नेम केला त्याच नेमानं घर बुडालं. आणि मग एका भावानं दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतली, ती दुसरी चूक. कारण ज्याच्यावर दोष आलाच नाही, त्याला तो कधी उतरवताही आला नाही.

हे लिहायचं होतं. असा निबंध दुसऱ्या एकोणचाळीस जणांत कुणाकडं नसेल, हेही तिला कळलं, आणि कळलं म्हणून स्वतःची थोडी शिसारी आली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या एकोणीस दिवसांत कारखान्याच्या किल्ल्या तुमच्याकडं होत्या. प्रमुख तुम्हीच होता. मी तासाभरात पुन्हा लिहिते, जसं झालं तसं. वाईट लिहिणार नाही. खाली सही फक्त तुमची हवी."

बाबांनी वर पाहिलं. कितीतरी वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं नव्हतं. जणू ती चाकापाशी उभी होती आणि ते शेडच्या त्या टोकाला.

"चष्मा आणतो," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत गेले. दार हलकेच लागलं.

ती लिहायला बसली. बोटं लॅपटॉपवर पळत होती. आई ओट्यापाशी उभी राहून कोरडीच भांडी पुसत होती. काका सही केलेलं जुनं पान दोन्ही हातांत धरून बसले होते, प्रसाद धरावा तसं. आत्या यंत्रापाशी परत गेली, पण यंत्र चालवलं नाही. थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली, शेडमधल्या बायकांचं जुनं गाणं. तिचं तिलाही कळलं नसावं.

*चाक नको थांबवू भाऊ, दोर माझ्या हाती,*
*मागं मागं जाते मी, डोळे तुझ्यावरती.*

"ताई, नको ते," काका म्हणाले. ती थांबली.

सव्वाचार. साडेचार. सुतळीनं शेवटचं वाक्य लिहिलं, छपाईयंत्रानं कुरकुरत चार पानं ओकली. आतलं दार लागलेलंच होतं.

आईनं जाऊन कडी वाजवली. "अहो. चष्मा मिळाला का?"

"आलोच," आतून आवाज आला.

"तिथंच कपाटावर आहे, बघा."

"मिळालाय. आलोच."

पावणेपाच झाले. सुतळी दारापाशी गेली. कान लावला. काही वाजत नव्हतं, पलंगही करकरत नव्हता. "बाबा, वीस सेकंदांचं काम आहे. मी पेन घेऊन आत येऊ का?"

"नको. येतोय मी."

ती परतली. आपण दार लोटलं असतं तर उघडलं असतं, कडी लागलेली नव्हती, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी लोटलं नाही.

पाचला आठ कमी असताना काका उठले आणि सही केलेलं जुनं पान त्यांनी तिच्यापुढं धरलं. "हे पाठव. फोनवर फोटो काढ नि पाठव. ह्यात काय खोटं आहे? मी म्हणतो ना मी केलं. बारा वर्षं मीच केलंय ते."

"काका, नको."

"वेडी आहेस का? तुझं वर्ष जाईल."

"वर्ष नाही, काका. सगळंच जाईल. पुढच्या वर्षी मी त्यांच्या लेखी म्हातारी." तिला हसू आलं आणि मध्येच तुटलं. "हे पाठवलं तर ते आतच राहतील. मागच्या वेळी त्यांच्यावर दार तुम्ही लावलंत, ह्या वेळी मी लावीन."

"मग राहू दे आत. तो बसलाय ना सुखानं आत?"

"सुखानं?" आत्या म्हणाली.

काकांचा हात तसाच पुढं राहिला.  आईनं पदरानं तोंड दाबलं आणि पहिल्यांदाच ती आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चौघांनी त्या दाराकडं पाहिलं. पाचला तीन कमी. दोन. सुतळीनं हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक.

पडद्यावर एक चौकट उमटली. *अर्जाची मुदत संपली आहे. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत.*

ती बराच वेळ ते वाचत राहिली. मोठ्यानं वाचलं नाही.

*

पाच वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं.

बाबांनी केस ओले करून विंचरले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, कचेरीत साहेबाला भेटायला जावं तसा. नाकावर चष्मा होता. पेन त्यांनी स्वतःचं आणलं होतं. ते टेबलापाशी आले, आपल्या खुर्चीवर बसले. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या पाठीशी होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"वाच," ते म्हणाले. "आधी वाचायचं."

सुतळीनं काकांकडं पाहिलं. काकांनी डोळ्यांनी सांगितलं, वाच. तिनं पानं उचलली.

तिनं सगळं वाचलं. खिशात घातलेलं पत्र, संध्याकाळी काढून ठेवलेलं पत्र, इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन परत आलेलं पत्र. "तो माणूस भित्रा नव्हता," तिनं वाचलं, "तो आज्ञाधारक होता. त्याला एकट्यानं वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं." बाबा ऐकत होते. त्यांचे हात मेणकापडावर पालथे, स्थिर होते. बारा वर्षांचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून धाग्याधाग्यानं उलगडत होतं. सदऱ्याच्या आतली छाती वर झाली, खाली आली.

"कुणाचं काही?" सुतळीनं विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही," काका म्हणाले.

आत्यानं तोंड उघडलं. सुतळीनं तिच्याकडं पाहिलं. आत्यानं तोंड मिटलं, मग म्हणाली, "काही नाही."

"माझंही काही नाही," बाबा म्हणाले, मोठ्यानं, स्वच्छ. त्यांनी सही केली. प्रगतिपुस्तकावरची तीच बारीक सही, पण ह्या वेळी खाली एक रेघ ओढली. पान तिच्याकडं सरकवलं. "पाठव."

सुतळीनं फोनवर फोटो काढला. लॅपटॉप आपल्याकडं वळवला. चौकट तशीच होती. तिनं तिच्यावर एक कळ दाबली, नुसतीच.

"वेळेत झालं ना?"

"वेळेत," काका म्हणाले. इतक्या पटकन, जणू फाटकात उभे होते.

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. ते मुलीकडं पाहत होते. चष्म्यामागचे त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांत तिनं कधी न पाहिलेलं असं काही होतं, आजारातून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांत पहिल्या जेवणाला असतं तसं.

"गेला ना गं?"

 आत्याचा हात यंत्राच्या चाकावर होता.

"गेला, बाबा," सुतळी म्हणाली.

"निकाल कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"होईल तुझं," ते म्हणाले. "मला वाटतंय, होईल." आणि त्यांनी मेणकापडाची सुटलेली कड तळहातानं दाबून, पुन्हा पुन्हा दाबून, जागेवर बसवली.

आई चहा टाकायला वळली. काका जुनं पान चौघडी करून खिशात घालत होते. आत्या टेबलापाशी आली, सहीची चार पानं उचलली, त्यांवर पिवळा लिफाफा ठेवला, आणि ड्रॉवर उघडून सगळ्यांच्या खाली, बॉबिनींच्या आणि बटणांच्या खाली, सरकवून दिलं. ड्रॉवर पूर्वीसारखा बसेना. तिनं गुडघ्यानं जोर लावला. बोटभर फट राहिलीच.